तंजावरची क्लॅरिंडा : शोक, श्रद्धा आणि आशा

तंजावर हे नाव उच्चारताच मराठी वाचकाच्या मनात काही ठराविक चित्रे उभी राहतात. व्यंकोजीराजांनी कावेरीच्या खोऱ्यात स्थापन केलेले राज्य, सरफोजीराजांनी वाढविलेले सरस्वती महाल ग्रंथालय, बृहदीश्वराच्या भिंतीवर कोरलेला भोसले कुळाचा मराठी इतिहास, मोडी कागदांचे रुमाल. या चित्रांत एका स्त्रीला सहसा स्थान मिळत नाही. ती मराठी होती, ब्राह्मण होती आणि तंजावरच्या राजाच्या चाकरीतील एका गृहस्थाची पत्नी होती. त्या गृहस्थाच्या मृत्यूनंतर तिचे तंजावरातील जीवन संपल्यासारखेच झाले. पुढे दक्षिणेस तिरुनेलवेलीच्या मुलखात, क्लॅरिंडा या नावाने, ती एका ख्रिस्ती मंडळीची आद्य सभासद ठरली. तिचे मूळ नाव कोकिळा होते असे परंपरा सांगते.

तिची हकीकत दोन वाटांनी आजच्या वाचकापर्यंत पोहोचते. पहिली वाट जर्मन मिशनरी क्रिस्तियान फ्रीडरिख श्वार्ट्‌झ यांच्या नोंदींची आणि त्यांच्या आधारे बिशप रॉबर्ट कॉल्डवेल यांनी १८८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तिरुनेलवेली मिशनच्या इतिहासाची. दुसरी वाट कल्पनेची : अ. माधवय्या या तमिळ लेखकाने १९१५ मध्ये तिच्या जीवनावर ‘क्लॅरिंडा’ ही इंग्रजी कादंबरी लिहिली. माधवय्या स्वतः ख्रिस्ती नव्हते, तमिळ ब्राह्मण होते; तरीही त्यांना या स्त्रीविषयी लिहावेसे वाटले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. तथापि कादंबरीचा रंग इतका गडद आहे की पुष्कळांच्या स्मरणात उरली आहे ती कादंबरीतलीच क्लॅरिंडा. प्रस्तुत प्रकरणात शक्यतो पहिल्याच वाटेने जाणे इष्ट होय.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील तंजावर हे सुखी राज्य नव्हते. तुळजाजीराजांच्या कारकिर्दीत (१७६३ ते १७८७) अर्काटच्या नबाबाने कंपनीच्या फौजेच्या बळावर १७७३ मध्ये तंजावर घेतले आणि राजाला कैदेत ठेवले. १७७६ मध्ये राज्य परत मिळाले ते तैनाती फौजेच्या ओझ्यासह. अशा अस्थिर दरबाराच्या आश्रयाने जी मराठी कुटुंबे राहत होती, त्यांच्या घरातील विधवेची स्थिती मात्र पुण्यातील किंवा साताऱ्यातील विधवेपेक्षा निराळी नव्हती. घरातील पुरुषाचा मृत्यू झाल्यावर इतरांच्या शोकाला मुदत असे. तेराव्या दिवशी गोडाचे जेवण होई आणि भाऊ, दीर, सासरे आपापल्या उद्योगाला लागत. विधवेच्या शोकाला अशी मुदत नसे. केशवपन, आलवण, एकवेळचे जेवण, मंगलकार्यात मागील दाराशी जागा : शोक तिच्या देहावरच कोरला जाई आणि तो तिने मरेपर्यंत वागवावा अशी अपेक्षा असे. सती जाण्याची चालही तंजावरच्या उच्च कुळांत तोवर नष्ट झालेली नव्हती. मद्रास इलाख्यात तिला कायद्याने बंदी झाली ती १८३० मध्ये.

कोकिळा सती जाण्यास निघाली असता लिटलटन नावाच्या एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने तिला चितेपासून वाचविले, अशी कथा आहे. चितेचे दृश्य बाजूला ठेवले तरी इतके निश्चित आहे की वैधव्यानंतर ती या लिटलटनच्या आश्रयास गेली आणि त्याच्याबरोबर पाळयंकोट्टै येथील इंग्रजांच्या छावणीत राहू लागली. पाळयंकोट्टै हे तिरुनेलवेलीच्या शेजारचे किल्ल्याचे गाव. तंजावरपासून सुमारे तीनशे किलोमीटर दक्षिणेस. परत जाण्याचा मार्ग तिला उरला नव्हता. आप्तांच्या लेखी ती मेलेलीच होती. मृत नवऱ्याबरोबर तिने आपली माणसे, आपली जात आणि आपल्या भाषेचा शेजार हेही गमावले. ज्या गावात तमिळ आणि छावणीत इंग्रजी, तेथे मराठी बोलायला तिला कोण मिळणार होते? लिटलटनने तिला इंग्रजी शिकविले आणि ख्रिस्ती धर्माची तत्त्वेही समजावून दिली.

याच काळात तिने श्वार्ट्‌झ यांच्याकडे बाप्तिस्म्याची मागणी केली. श्वार्ट्‌झ हे प्रशियातील सोनेनबुर्ग गावचे. १७२६ मध्ये जन्मलेल्या या मुलाची आई तो लहान असतानाच वारली होती आणि त्याला ईश्वरसेवेसाठी वाहावे अशी इच्छा तिने मरताना व्यक्त केली होती. हाले येथे शिक्षण घेऊन ते १७५० मध्ये डॅनिश वसाहत असलेल्या तरंगंबाडीस आले आणि पुन्हा युरोपास परतले नाहीत. तमिळ तर त्यांना उत्तम येई. त्याखेरीज फार्सी, हिंदुस्तानी आणि दरबाराची भाषा म्हणून मराठीही ते शिकले होते. असा हा सौजन्यशील आणि लोकांना प्रिय झालेला पाद्री. पण त्यांनी तिची मागणी नाकारली. ती विवाहावाचून एका पुरुषाबरोबर राहत होती, हे त्याचे कारण.

या नकाराकडे वाचकाने डोळेझाक करू नये. श्वार्ट्‌झ यांची बाजू समजण्यासारखी आहे. ज्या धर्माचा प्रचार करावयाचा त्याचे नियम छावणीतील गोऱ्या अधिकाऱ्यांच्या सोयीसाठी वाकवावेत हे त्यांना पटणे शक्य नव्हते. किंबहुना त्या अधिकाऱ्यांच्या वर्तनाने ख्रिस्ती धर्माची होणारी बदनामी हे त्यांचे नित्याचे दुःख होते. तरीही विवाह करणे वा न करणे हे लिटलटनच्या हाती होते आणि शिक्षा भोगली ती क्लॅरिंडेने. एका समाजाने तिला विधवा म्हणून बाहेर काढले. दुसऱ्याने ती पत्नी नाही म्हणून आत घेतले नाही. श्रद्धेने शोकाचे निवारण होते असे सांगणाऱ्या पुस्तकांत असे प्रसंग बहुधा गाळलेले असतात.

नंतर लिटलटनही वारला. दुसऱ्यांदा ती निराधार झाली. आणि या वेळी तर ज्याच्यासाठी शोक करावयाचा त्याची विधवा म्हणवून घेण्याचाही तिला अधिकार नव्हता. १७७८ च्या प्रारंभी श्वार्ट्‌झ पाळयंकोट्टैस गेले असता त्यांनी तिला बाप्तिस्मा दिला. पूर्वीचा अडसर मृत्यूने दूर केला होता. ही घटना कडवट वाटते, आणि ती तशी आहेही. परंतु मधल्या वर्षांत नकार मिळूनही तिने तो मार्ग सोडला नाही, यावरून तिची ओढ केवळ आश्रयासाठी नव्हती हे उघड होते. लिटलटनच्या मृत्यूनंतर छावणीतील कोणत्याही इंग्रजाला ती बांधील नव्हती. तिला तेथून निघून जाता आले असते.

ज्या श्रद्धेत ती शिरली तिच्यात शोकाविषयी नेमके काय सांगितले जात होते? ख्रिस्ती आशेविषयी एक गैरसमज फार रूढ आहे. मृत माणूस स्वर्गात सुखी आहे, तेव्हा मागे राहिलेल्याने रडू नये, एवढाच तिचा सारांश आहे असे समजले जाते. बायबलचा आधार मात्र याला मिळत नाही. जुन्या करारातील स्तोत्रसंहितेचा फार मोठा भाग विलापाने भरलेला आहे. त्यात भक्त ईश्वराला जाब विचारतो, त्याच्या मौनाबद्दल तक्रार करतो, आणि ही तक्रार उपासनेचाच भाग मानली जाते. योहानाच्या शुभवर्तमानात बेथानी गावच्या लाजराच्या थडग्यापाशी येशू रडतो, आणि तेही लाजर उठणार आहे हे ठाऊक असताना. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पत्रात पौल शोकाला मनाई करीत नाही; आशा नसलेल्यांचा शोक आणि आशा असलेल्यांचा शोक यांत तो भेद करतो. सर्वांत अर्थपूर्ण प्रसंग थोमाचा. पुनरुत्थान पावलेला ख्रिस्त शिष्यांसमोर आला तेव्हा त्याच्या अंगावरील जखमांच्या खुणा पुसल्या गेलेल्या नव्हत्या. संशयी थोमाला त्या दाखविण्यात आल्या. (हाच थोमा पुढे तमिळ देशात आला आणि आजच्या चेन्नईजवळच्या टेकडीवर मारला गेला, असे तेथील ख्रिस्ती परंपरा मानते.) नवे जीवन मिळाले तरी घाव राहिले, या कल्पनेत एका विधवेला जे सापडू शकते ते कोऱ्या सांत्वनात सापडणार नाही.

हे सारे पुस्तकांतूनच शिकविले जात होते असे मात्र नाही. तरंगंबाडी आणि तंजावरच्या मिशनऱ्यांनी आपल्याबरोबर जर्मन भक्तिगीते आणली होती आणि योहान फिलिप फाब्रिसियुस यांनी त्यांपैकी अनेकांची तमिळ भाषांतरे केली होती. या गीतांची मुळे १६१८ ते १६४८ या तीस वर्षांच्या युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या जर्मनीत आहेत. त्यांच्या रचनाकारांतील अग्रणी पाउल गेरहार्ट यांची पाच अपत्यांपैकी चार लहानपणीच दगावली होती आणि १६६८ मध्ये पत्नीही वारली. कावेरीकाठच्या मंडळीत जी पदे म्हटली जात, ती मेलेल्या मुलांच्या बापाने रचलेली होती. एका देशाचा शोक दुसऱ्या देशाच्या उपयोगी पडण्याचे हे चमत्कारिक पण खरे उदाहरण आहे.

क्लॅरिंडेला मिळालेल्या आशेचे स्वरूप तिच्या भावनांपेक्षा तिच्या कृतींतून अधिक स्पष्ट होते. १७८० मध्ये पाळयंकोट्टै येथील मंडळीची पहिली यादी तयार झाली. तीत चाळीस नावे आहेत, निरनिराळ्या जातींची, आणि पहिले नाव क्लॅरिंडेचे आहे. नावाच्या याद्या रुक्ष असतात. पण विधवेचे नाव कोणत्याही शुभ यादीत येत नसे अशा समाजातून आलेल्या स्त्रीचे नाव चाळीस माणसांच्या यादीत सर्वांआधी लिहिले गेले, याचे मोल यादीच्या बाहेर उभे राहूनच कळू शकेल. मिशनऱ्याचे वास्तव्य नसलेल्या त्या गावी प्रार्थनेसाठी माणसे जमविणे, गरिबांची विचारपूस करणे, मुलांना शिकविण्याची व्यवस्था लावणे ही कामे तिने अंगावर घेतली. आपल्या गावी कायमचा उपदेशक हवा, हा आग्रह तिने श्वार्ट्‌झ यांच्यापाशी धरला. ज्यांनी एके काळी तिला नकार दिला होता त्यांच्याकडेच ती आता मंडळीची पुढारी या नात्याने मागणी करीत होती, आणि ते तिचे म्हणणे ऐकून घेत होते. पुढे १७९० मध्ये तंजावर येथे सत्यनाथन या तमिळ उपदेशकास पाळकपदाची दीक्षा देण्यात आली आणि त्यांना पाळयंकोट्टैस पाठविण्यात आले.

तत्पूर्वीच, तिच्या पुढाकाराने, तेथे एक लहान मंदिर बांधले गेले होते. २४ ऑगस्ट १७८५ रोजी श्वार्ट्‌झ यांनी त्याचे समर्पण केले. तिरुनेलवेलीच्या मुलखातील त्या पंथाचे हे पहिले पक्के उपासनास्थान.  लोक त्याला ‘पाप्पात्ती अम्माळ कोविल’ म्हणतात. पाप्पात्ती म्हणजे ब्राह्मण स्त्री. तिच्या नावाची एक विहीरही तेथे सांगतात. लोकांच्या जिभेवर तिचे पूर्वायुष्य असे टिकून राहिले. धर्म बदलला म्हणून तंजावरची ब्राह्मणबाई नाहीशी झाली असे त्या गावाने कधी मानलेले दिसत नाही.

येथे तंजावरच्याच दुसऱ्या एका परंपरेची आठवण होते. प्रिय व्यक्तीच्या मृत्यूनंतर तिच्या नावाने अन्नछत्र काढण्याची चाल मराठा राजघराण्याने तेथे जोपासली होती. सरफोजीराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ओरत्तनाडू येथे मुक्तांबाळ छत्र उभारले ते अशाच एका लाडक्या स्त्रीच्या स्मरणार्थ. वाटसरूंना अन्न, आजाऱ्यांना औषध, मुलांना शिक्षण अशी तेथे सोय होती. शोकाला दगडचुन्याचे आणि अन्नपाण्याचे रूप देणे हे तंजावरच्या मातीत मुरलेले होते. क्लॅरिंडेचे मंदिर आणि विहीर पाहिली की ती ज्या संस्कारात वाढली तो तिने टाकून दिला नव्हता असे म्हणावेसे वाटते. नव्या श्रद्धेने त्याला दुसरे निमित्त पुरविले. फरक एवढाच की राजा आपल्या खजिन्यातून छत्र बांधतो. येथे बांधणारी स्वतःच अशी होती की तिच्यासाठी कोणी काही बांधले नसते.

श्वार्ट्‌झ १७७८ पासून तंजावरासच राहू लागले होते. हैदरअलीच्या स्वारीने कावेरीचा प्रदेश १७८१ नंतर उजाड झाला, शेतकरी गाव सोडून पळाले, रस्त्यावर माणसे मरून पडू लागली. तेव्हा आधीच स्वस्ताईत खरेदी करून ठेवलेल्या तांदळातून त्यांनी भुकेलेल्यांना अन्न दिले. ते ख्रिस्ती आहेत की नाहीत याची चौकशी झाली नाही. वारस न उरलेल्या तुळजाजींनी १७८७ मध्ये मृत्यूपूर्वी दत्तक घेतलेल्या सरफोजींचा सांभाळ करण्याची विनंती त्यांनाच केली. दहा वर्षांच्या त्या मुलाने एक बाप गमावला आणि पुढे चुलता अमरसिंग गादीवर असताना बंदिवासासारखे दिवस काढले. त्यातून त्याला सोडविणारा आणि १७९३ मध्ये शिक्षणासाठी मद्रासला नेण्याची व्यवस्था करणारा हाच पाद्री होता. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्ट्‌झ तंजावर येथे वारले. सरफोजी गादीवर आले ते त्यानंतर चार महिन्यांनी. शिष्य राजा झालेला पाहणे गुरूच्या नशिबी नव्हते.

श्वार्ट्‌झ यांच्या अखेरच्या क्षणांविषयी एक कथा त्यांच्या चरित्रकारांनी सांगितली आहे. त्यांचा प्राण गेला असे समजून सहकारी गेरिके यांनी मृत्युप्रसंगीचे भक्तिगीत म्हणावयास आरंभ केला. दुसऱ्या कडव्याला मृत समजल्या गेलेल्या माणसानेच सूर मिळविला. कथा शब्दशः खरी असो वा नसो, हे लोक गाण्यावर किती विसंबून होते ते तीवरून दिसते.

सरफोजींनी अखेरपर्यंत आपला धर्म सोडला नाही. तरीही १८०१ मध्ये त्यांनी लंडनला पत्र पाठवून आपल्या गुरूचे संगमरवरी स्मारक घडवून मागविले. प्रसिद्ध शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांनी ते कोरले आणि शिवगंगा कोटातील १७७९ च्या सुमारास बांधलेल्या मंदिरात ते आजही आहे. मृत्युशय्येवरील पाद्री, त्यांचा हात हाती धरून उभा असलेला मराठा राजा, मागे गेरिके आणि पायाशी शाळेतील मुले, असे ते शिल्प. थडग्याच्या शिळेसाठी सरफोजींनी स्वतः इंग्रजी पद्यही रचले. जी श्रद्धा आपली नाही तिच्या आशेचा आदर करीत शोक कसा करावा, याचा धडा या दगडात आहे.

क्लॅरिंडेचे नाव मराठी मुलखात पोहोचले नाही. पण तिच्या बाप्तिस्म्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी तसाच प्रवास मराठीतील एका सुविख्यात स्त्रीने केला. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे १८७४ मध्ये दक्षिणेतच, मद्रास इलाख्यातील दुष्काळात, उपासमारीने गेले. पाठोपाठ आई आणि बहीणही गेली. १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पती. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचेही आपल्या गुरुभगिनींशी तत्त्वांवरून कडाक्याचे वाद झाले, कारण शोकग्रस्त माणूस शरण येतो म्हणजे तो विचार करणे सोडून देतो असे रमाबाईंना मान्य नव्हते. केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातील शेकडो मुली आणि विधवांना त्यांनी जागा दिली. १९२१ मध्ये एकुलती कन्या मनोरमा वारली तेव्हा आजारी रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतरात गुंतल्या होत्या. काम थांबले नाही. ते पुरे करून १९२२ च्या एप्रिलमध्ये त्यांनी देह ठेवला. या दोन स्त्रियांत विद्वत्तेचे आणि कीर्तीचे अंतर फार मोठे आहे. परंतु दोघींच्याही बाबतीत आशा म्हणून जे काही होते ते दुसऱ्या निराधारांसाठी दार उघडण्याच्या कामी आले.

पाळयंकोट्टैच्या मंदिराचे समर्पण झाले त्या सुमारास श्वार्ट्‌झ यांच्या दृष्टीस तेथील एक अकरा वर्षांचा मुलगा पडला. देवसहायम नावाच्या गृहस्थाचा तो पुत्र, नाव वेदनायगम. श्वार्ट्‌झ त्याला तंजावरास घेऊन आले. मराठी ब्राह्मणबाई तंजावरहून ज्या गावी गेली होती त्या गावाने अशा रीतीने तंजावरला एक कवी दिला. वेदनायगम शास्त्री पुढे मिशनच्या शाळेत शिक्षक झाले आणि सरफोजींच्या दरबारातही त्यांना मान मिळाला. दोघेही एकाच गुरूचे शिष्य होते. मराठी कीर्तनाचा संस्कार झालेल्या तंजावरच्या कथाकालक्षेपाच्या पद्धतीत त्यांनी ख्रिस्ती कथा बसविल्या. जातिभेद मोडू पाहणाऱ्या नव्या मिशनऱ्यांशी त्यांचे बिनसले, आणि त्या वादात आजचा वाचक त्यांच्या बाजूने उभा राहील असे नाही. १८६४ मध्ये, नव्वदीच्या उंबरठ्यावर, ते तंजावर येथेच वारले. त्यांची पदे तमिळ ख्रिस्ती मंडळ्यांतून अद्याप गायिली जातात.